लाह्यांचा टब आणि आपला घाणा

आजवर मी हुमणी, पाचट, ठिबक, माती परीक्षण असल्याच विषयांवर लिहीत आलो. आज सिनेमाच्या थिएटरवर लिहितोय म्हटल्यावर काही जण म्हणतील, कृषी सहायकाला काम उरलेलं दिसत नाही. (२०२५ साली सरकारनं आमच्या पदाचं नाव ‘सहायक कृषी अधिकारी’ असं केलं. गावात अजून जुनंच नाव चालतं, आणि त्यानं काही बिघडत नाही.) तरी शेवटपर्यंत वाचा. विषय शेतीचाच आहे.

गोष्ट जुलै २०२३ मधली. त्या साली जून जवळजवळ कोरडा गेला. कोडोलीच्या शिवारात पेरण्या मागं पडल्या होत्या. जुलैत पावसानं जरा हात दिला, पेरण्या उरकल्या आणि भांगलणीच्या आधी बायकांना चार दिवसांची उसंत मिळाली. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ ३० जूनला लागला होता, आणि गावोगावच्या बायका गट करून, नऊवारी नेसून, डोळ्यांवर गॉगल चढवून त्याला चालल्या होत्या. आमच्या एका महिला बचत गटानंही बेत केला. सौ. त्या गटात आहे. म्हणून तिकिटं काढायला आणि वाट दाखवायला मला बरोबर घेतलं. चौदा बायका, मी एकटा पुरुष आणि एक वडाप गाडी. वाठारवरून हायवेला लागलो आणि कोल्हापूर गाठलं.

मोठा मॉल, त्यात वरच्या मजल्यावर मल्टिप्लेक्स. म्हणजे एकाच छपराखाली अनेक पडदे. सरकत्या जिन्यापाशी आमची गाडी अडली. दोघींनी पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या, देवळात शिरल्यागत. एक आजी म्हणाल्या, “जिना चालतोय तर मी कशाला चालू?” आणि झटक्यात वर पोचल्या. बाकीच्या साध्या जिन्यानं आल्या.

दारात पिशव्या तपासल्या. पिशव्यांत काय असणार? भाकरी, झुणका, शेंगदाण्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या. आतल्या पोराने सगळं बाजूला काढून ठेवायला सांगितलं. बायका खट्टू झाल्या. पण त्या पोराचा दोष नव्हता. हे नियमानंच चालतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये निकाल दिलाय की बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही, हे थिएटर मालकानं ठरवावं. मात्र त्याच निकालात असंही आहे की पिण्याचं चांगलं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या लेकराचं खाणं अडवता येत नाही. तेव्हा आपण कुणी गेलात तर पाण्याची बाटली विकत घेऊ नका, पाणी कुठं आहे ते विचारा. आम्ही विचारलं. कोपऱ्यात नळ होता, पण तो बघितल्याशिवाय दिसत नव्हता.

सिनेमा छान झाला. बायका हसल्या, रडल्या, मध्येच उठून टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मला लिहायचंय ते मध्यंतराबद्दल.

मध्यंतरात सगळ्या बाहेर आल्या. काचेच्या कपाटात पिवळ्याधमक लाह्या उसळत होत्या आणि वर दिव्यांच्या फळीवर दर लिहिले होते. गटाच्या अध्यक्षा मावशी बराच वेळ वर बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “ओ साहेब, ह्या मक्याच्या लाह्याच न्हवं?” म्हटलं, होय. “पंचमीला आपण जोंधळ्याच्या करतो तशा?” होय. “मग टबाला चारशे वीस कसं?”

त्या वर्षीच्या गळीत हंगामासाठी उसाची एफआरपी क्विंटलला ३१५ रुपये ठरली होती, सव्वादहा टक्के उताऱ्याला. आपल्या कोल्हापूरचा उतारा जास्त म्हणून दर थोडा जास्त पडतो, पण त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. आडसाली लागण करा, सोळा-अठरा महिने पाणी पाजा, खतं घाला, तोड मिळावी म्हणून मुकादमाच्या मागं फिरा, आणि मग एक क्विंटल उसाचे पैसे लाह्यांच्या एका टबाला पुरत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी ३५५ ठरली होती. मोठ्या टबाला ती आजही पुरायची नाही.

हे ऐकल्यावर आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो, लूट. माझ्याही आला होता. पण मी हिशेब केल्याशिवाय राहत नाही, तो माझा स्वभाव. घरी येऊन फोडायच्या मक्याचे शंभर ग्रॅम दाणे काट्यावर मोजले आणि कढईत फोडले. मोठं पातेलं शिगोशीग भरलं, जवळजवळ तो टबच. हा दाणा फुटला की आकारमानानं तीस-चाळीस पट होतो. साध्या मक्याचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला २४०० रुपये होता, म्हणजे शंभर ग्रॅमचे झाले दोन रुपये चाळीस पैसे. फोडायचा मका वेगळा आणि महाग असतो. तो दुकानातून पुडीनं आणला तरी दहा-पंधरा रुपयांच्या वर जात नाही. वर तेल, मीठ, टबाचा कागद. बाकीचे पैसे कशाचे?

इथं थिएटरचा धंदा समजून घ्यायला हवा. तिकीट शंभर रुपयांच्या वरचं असेल तर त्यावर अठरा टक्के जीएसटी. उरलेल्या रकमेत सिनेमावाल्यांचा वाटा. २००९ साली हिंदी सिनेमाचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं मोठं भांडण झालं. दोन महिने नवे मोठे सिनेमे लागले नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी की पहिल्या आठवड्यात निम्मं उत्पन्न सिनेमावाल्यांना, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढं तीस. म्हणजे तिकिटाच्या पैशात थिएटरला वाटेकरी आहे. वीज, गारवा, नोकर, जागेचं भाडं हे सगळं उरलेल्यातून भागवायचं. लाह्यांच्या पैशात मात्र सिनेमावाला वाटेकरी नाही. त्यावर कर आहे, खर्च आहे, पण वाटणी नाही. म्हणून ज्यात वाटणी नाही त्याचा दर चढा. आणि तो चढा दर मिळतो, कारण माणूस तीन तास तिथंच बसलेला असतो, भूक लागलेली असते, आणि त्याची शिदोरी दारात काढून घेतलेली असते.

हे मी मावशींना गाडीत समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. किणीच्या अलीकडं वाठारला वळलो तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, त्यास्नी एवढं कळतंय. मग आमचा घाणा का बंद पडला?”

गाडीत सगळ्या गप्प झाल्या. सौ. खिडकीतून बाहेर बघायला लागली.

आता ही घाण्याची गोष्ट सांगतो, कारण ती लपवून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. त्याच्या आधी दीडएक वर्षापूर्वी मीच या गटाच्या मागं लागून लाकडी तेलघाणा घ्यायला लावला होता. डोंगराकडच्या माळावर भुईमूग होतो, शेंग कवडीमोल जाते, तेल काढा, पैसे करा, असं मी दोन बैठकांत सांगितलं. प्रस्ताव मी लिहिला, कोटेशनं मी आणली, अनुदान मिळालं, फोटो काढला, पेपरात छापूनही आला. घाणा चालू झाला. लाकडी घाण्यावर लिटरभर तेलाला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात. पेंड विकून थोडं परत येतं, पण तेल लिटरला तीनशेच्या घरात पडायला लागलं. गावातल्या दुकानात डब्यातलं तेल त्याच्या जवळजवळ निम्म्यानं. शेजारीण म्हणायची, तेल चांगलं हाय बाई, पर परवडत न्हाई. तिचं चुकत नव्हतं.

सहा महिन्यांत घाणा थांबला. आज त्याच्यावर ताडपत्री आहे आणि ताडपत्रीवर कोंबड्या बसतात.

मी मनातल्या मनात गटालाच दोष देत होतो. बायकांत चिकाटी नाही, बैठका होत नाहीत, हिशेब ठेवत नाहीत. खात्यात आपण असंच बोलतो, वरिष्ठांपुढंही असंच बोलतो. पण त्या दिवशी गाडीत मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांना यंत्र दिलं होतं. तेल कोण घेणार, कुठं घेणार, केवढ्या बाटलीत घेणार, हे मी विचारलंच नव्हतं. प्रस्तावात ‘विक्री व्यवस्था’ असा एक रकाना होता. त्यात मी ‘स्थानिक बाजारपेठ’ असं लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात. आणखी एक. बायका गिऱ्हाइकाच्या किटलीत सुटं तेल ओतून द्यायच्या. खाद्यतेल असं सुटं विकायला अन्न सुरक्षा कायद्याखाली मनाई आहे, ते बंद करून, लेबल लावून विकावं लागतं. हेही मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण मलाच तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. पदविकेच्या अभ्यासात पिकं शिकवली, विक्री दोन तासांत उरकली. पण ही सबब झाली.

थोडं विषयांतर करतो. सिनेमा कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी इथंच, स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार करायला घेतला. आनंदराव मध्येच गेले, बाबूरावांनी १९१८ साली तो पुरा केला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो आपण येता-जाता बघतोच. याच बाबूरावांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. जमीन सावकाराच्या घशात गेलेल्या आणि शेवटी शहरात मजुरीला गेलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. मूकपट, पण त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली तरी नाव निघतं. पुढं त्याच कंपनीतून शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली, आणि १९३४ पासून पुण्यात प्रभातच्याच नावाचं थिएटर चालू झालं. मला यातला एवढाच भाग आपल्या कामाचा वाटतो: सिनेमा काढणाऱ्यांनाही लवकरच कळलं होतं की दाखवायची जागा आपल्या हातात पाहिजे. असो.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या कोडोलीच्या शेजारी वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी तिथं नुसता कारखाना काढून ठेवला नाही. दूध संघ झाला, वारणा बाजार झाला. वारणेचं श्रीखंड मुंबईच्या दुकानात मिळतं. म्हणजे आपल्या म्हशीचं दूध मुंबईच्या माणसाच्या ताटापर्यंत जायची वाट आपल्याच भागातल्या माणसांनी बांधली. दुधाला जे जमलं ते शेंगेला, हळदीला, नाचणीला का जमू नये, हा प्रश्न मी आता स्वतःला विचारतो. गुळाचंच बघा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाचा कागद बघून गिऱ्हाईक गुऱ्हाळावर येत नाही. ते ज्या दुकानात जातं तिथं गूळ, ओळखता येईल अशा पुड्यात, असावा लागतो.

आता काही जणांच्या मनात आलेलं सांगतो, कारण हा टबाचा हिशेब मी एका शेतकरी बैठकीत सांगितला तेव्हा तिघांनी लगेच विचारलं, साहेब, फोडायचा मका लावू काय? माझं उत्तर ठाम होतं: गिऱ्हाईक पक्कं झाल्याशिवाय लावू नका. एक चूक मी करून बसलोय, दुसरी करायची नाही. तरी माहिती म्हणून सांगतो. वैरणीचा किंवा कोंबडीखाद्याचा मका फुटत नाही. फोडायच्या मक्याचा दाणा बारीक, काचेसारखा टणक असतो. आतलं पाणी तापून वाफ होते, साल ती दाबून धरते, आणि एकशेऐंशी अंशांच्या आसपास साल फाटते. दाण्यात तेरा-चौदा टक्के ओलावा पाहिजे. डांबरी रस्त्यावर पसरून कडकडीत वाळवला, तर फुटत नाही. मळताना दाण्याला चीर गेली, तर फुटत नाही. शेजारी साधा संकरित मका फुलोऱ्यात असला, तर परागामुळं गुण बिघडतो. एकरी उतारा साध्या मक्यापेक्षा कमी. वर लष्करी अळी आहेच. ती २०१८ ला देशात आली ती काही परत गेली नाही. म्हणजे हे पीक दाण्याच्या गुणावर विकायचं, वजनावर नव्हे. आपल्याला सवय वजनाची. उसानं आपल्याला ती लावली. काटा किती झाला, एवढंच विचारायचं, साखरेचं पुढं काय होतं ते विचारायचं नाही.

ग्रामसेवक, तलाठी, सरपंच मंडळींना थोडं सांगायचंय, त्यांनी रागावू नये. ग्रामपंचायतीचे गाळे लिलावात जातात. पंचायतीला उत्पन्न पाहिजे हे मला कळतं. पण एसटी स्टँडच्या तोंडावरचा एखादा गाळा, निदान त्याची पुढची चार फूट जागा, गावातल्या गटांना पाळीपाळीनं देता येईल का, यावर मासिक सभेत विषय घ्यायला काय हरकत आहे? आपल्या पाठीशी जोतिबाचा डोंगर आहे. चैत्री यात्रेला लाखो माणसं येतात, तीही चालून दमलेली आणि भुकेली. तिथं त्यांना खेळणी, बाटलीबंद पाणी, कुठून कुठून आलेलं फरसाण मिळतं. पन्हाळा तालुक्यातल्या किती गटांचा माल तिथं असतो? यात्रेची वाट कोडोलीच्या अंगाला असून आपण ती फक्त वाहतुकीची अडचण म्हणून बघतो. मीही तसंच बघत होतो.

आणि माझ्या खात्यातल्या मित्रांनो, प्रस्तावातला तो रकाना. तिथं ‘स्थानिक बाजारपेठ’ लिहिण्याआधी दोन दुकानदारांना आणि दहा गिऱ्हाइकांना भेटून या. एक दिवस जाईल. मी तो दिवस वाचवला आणि चौदा बायकांचं दीड वर्ष घालवलं. त्यांचा स्वहिस्सा होता, त्यात एकीनं म्हशीचे पैसे घातले होते. तिनं मला कधी एका शब्दानं बोललेलं नाही. वाटेत भेटली की चहाला बोलावते. ते जास्त लागतं.

थिएटरमधला दर मला आजही पटत नाही. ज्याच्या पोराला टब दिसतो आणि खिशाला झेपत नाही, त्या बापाची तिथं जी अवस्था होते ती मी बघितलीय. आमच्याच बरोबरची एक सून नातेवाईक पोराला ‘ते शिळं असतंय रे’ असं सांगत होती. शेवटी चौदा जणींत मिळून एक टब घेतला. मूठमूठ वाट्याला आली. आजी म्हणाल्या, “मीठ जास्त हाय, आमच्या कढईतल्या बऱ्या.” बाहेर पडल्यावर पार्किंगच्या कडेला बसून सगळ्यांनी भाकरी-झुणका खाल्ला. ते लाडू गटातल्याच एकीनं केले होते. पार्किंगमधला रखवालदार एक लाडू खाऊन म्हणाला, मावशी, हे विकता का? तेव्हा सगळ्या हसल्या. मीही हसलो. उत्तर कुणी दिलं नाही.

गेल्या महिन्यात गटाची बैठक झाली. यंदा मी काही सांगायला गेलो नाही, विचारायला गेलो. कोल्हापुरातल्या चार दुकानदारांना आणि एका वैद्यांना आम्ही आधी भेटून आलो होतो. मी, अध्यक्षा मावशी आणि ती म्हशीवाली वहिनी. दोघांनी लिटरची बाटली नको म्हणून सांगितलं. पाव लिटरची असेल तर ठेवून बघतो म्हणाले, तीही विकली तर पैसे या बोलीवर. एकानं सरळ नाही म्हटलं. वैद्यांना महिन्याला दहा लिटर तिळाचं लागतं, शेंगदाण्याचं नको. तीळ आपल्याकडं कुणी लावत नाही, तो बघावा लागेल. अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा अर्ज भरलाय. घाण्याची ताडपत्री काढली, पट्टा उंदरांनी कुरतडला होता तो बदलला. लाकडाला एक बारीक चीर गेलीय. सुताराला दाखवलीय. तो म्हणाला पावसाळा जाऊ दे, लाकूड वाळलं की सांगतो चालेल की नाही ते.